लाल व्हायचे ते हौदात होऊ द्या
(घरगुती जलतरण तलावातील लोहाचे डाग या विषयावर जळगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहोदय आणि मित्रहो,

मे महिन्यातल्या संध्याकाळी, कूलरसमोरची जागा सोडून, लोहाच्या डागांवरचे व्याख्यान ऐकायला एवढी मंडळी जमतात याचा अर्थ मी दोनच प्रकारे लावू शकतो: एक तर आपणा सर्वांच्या तलावांच्या फरशा तांबूस झालेल्या आहेत, किंवा व्याख्यानानंतर शेवभाजी आहे असे कोणीतरी पसरवलेले आहे. निमंत्रणपत्रिकेवर ‘डाग कसे काढावेत व कसे टाळावेत’ असा विषय छापलेला आहे आणि त्या दोन्ही गोष्टी मी सांगणार आहे; मात्र त्याआधी माझा एक जुना आग्रह मांडू द्यावा. तो असा, की बोअरच्या पाण्यातले लोह तलावात उतरूच देऊ नये, आणि पाण्याला लाल व्हायचेच असेल तर ते तलावाबाहेर, वेगळ्या हौदात होऊ द्यावे. हे वाक्य मी गेली अनेक वर्षे ठेकेदारांना, वास्तुरचनाकारांना आणि फार्महाऊसच्या मालकांना ऐकवत आलो आहे, आणि ते सर्वजण माना डोलावून हौदाच्या जागी बार्बेक्यूचा ओटा बांधत आले आहेत.

खानदेशात उन्हाळ्यात गावोगावी टँकर फिरत असताना पोहण्याच्या तलावांवर बोलणे शोभते का, असे कोणाच्या मनात येत असेल तर ते रास्तच आहे. परंतु डाग पडले म्हणून मालक पहिली गोष्ट काय करतो, तर तलाव रिकामा करतो. मध्यम आकाराचा तलाव म्हणजे ४५,००० लिटर पाणी, दहा हजारी टँकर धरले तर साडेचार. तेव्हा ज्याला तलाव नको वाटतो त्यानेही हा विषय ऐकण्यासारखा आहे, कारण डागांच्या अज्ञानापायी वाया जाणारे पाणी त्याच्याही गावाचे असते.

मूळ गोष्ट शाळेत शिकलेलीच आहे. जमिनीखाली जिथे हवा पोहोचत नाही, तिथल्या पाण्यात लोह फेरस अवस्थेत विरघळलेले असते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. पाणी वर येऊन त्याला प्राणवायू लागला, की तेच लोह फेरिक होते, विरघळलेले राहू शकत नाही आणि तपकिरी गाळ होऊन बाहेर पडते. हवा हे काम सावकाश करते, क्लोरीन मात्र मिनिटांत उरकतो. सामू, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे ते सांगणारा पीएचचा आकडा, वाढला की काम आणखी वेग घेते. सामू एका अंकाने वर गेला तर हवेमुळे होणाऱ्या या बदलाचा वेग सुमारे शंभरपट होतो. लिटरमागे ०.३ मिलिग्रॅमच्या वर लोह गेले की धुतलेल्या कपड्यांवर आणि नळाच्या भांड्यांवर डाग पडू लागतात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या पिण्याच्या पाण्याविषयीच्या मार्गदर्शिकेत म्हटलेले आहे, आणि पांढऱ्या-निळ्या टाइलचा तलाव हा त्या बाबतीत कपड्यापेक्षा सहनशील नसतो.

आपला खानदेश बराचसा बेसाल्टवर आणि तापीकाठी गाळाच्या थरांवर वसलेला आहे. बेसाल्टमधील खनिजांत लोह भरपूर असते, पण म्हणून प्रत्येक बोअरचे पाणी लोहाचे असते असे मुळीच नाही. एका बांधावरच्या दोन बोअरांचे पाणी वेगळे निघू शकते, आणि कित्येकदा लोह खडकातले नसून गंजलेल्या केसिंग पाइपातले असते. म्हणूनच तपासणीवाचून बोलू नये. आणि तलाव बांधणाऱ्यांविषयीची माझी तक्रार नेमकी येथेच सुरू होते.

चोपडा तालुक्यात माझे एक स्नेही आहेत, केळीचे मोठे बागायतदार. त्यांनी नातवंडांच्या सुटीसाठी शेतातल्या घराशेजारी आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल असा तलाव बांधून घेतला. ठेकेदाराने टाइलच्या रंगावर त्यांच्याशी तासन्‌तास चर्चा केली, पाण्याखालच्या दिव्यांवर केली, पायऱ्यांच्या आकारावर केली. पाण्याची तपासणी हा शब्द त्या चर्चेत आला नाही. एप्रिलमध्ये तलाव बोअरने भरला. पाणी इतके नितळ, की तळाची टाइल मोजता यावी. त्या संध्याकाळी ठेकेदाराच्या माणसाने क्लोरीन टाकला, आणि सकाळी तलावात कोऱ्या चहाचा रंग होता.

आता यापुढचा क्रम लक्षपूर्वक ऐकावा, कारण तो मी इतक्या ठिकाणी पाहिला आहे की तो एखाद्या पोथीत लिहिलेला असावा अशी मला शंका येते. शेजाऱ्याने शेवाळाचे निदान केले, म्हणून ब्लीचिंग पावडर दुप्पट टाकली गेली आणि रंग गडद झाला. मग मेहुण्यांच्या सल्ल्याने तुरटी फिरवली, गाळ बसला, पाणी निवळले आणि घरात पेढे वाटण्याइतका आनंद झाला. तो गाळ मात्र तळाला आणि भिंतींना चिकटून बसलेला होता. तो काढण्यासाठी दोन मजूर तारेचे ब्रश घेऊन उतरले. ब्रशच्या तुटलेल्या पोलादी तारा टाइलच्या सांध्यांत राहिल्या आणि गंजून त्यांनी स्वतःचे वेगळे ठिपके उमटवले, म्हणजे लोह काढायला गेलेली माणसे लोह पेरून आली. त्यानंतर हार्डवेअरच्या दुकानातले ॲसिड आणले. त्याने डाग गेले हे खरे, पण सांध्यांतले सिमेंटचे ग्राऊटही खाल्ले गेले, सांधे खरखरीत झाले आणि पुढच्या गंजाला बसायला उत्तम जागा तयार झाली. मग टाइलच सदोष असल्याचा शोध लागून दुकानदाराशी भांडण झाले. शेवटी तलाव रिकामा करण्यात आला आणि, मित्रहो, त्याच बोअरने पुन्हा भरण्यात आला.

मला बोलावणे आले ते या टप्प्यावर. मी तलावाकडे जाण्याआधी बागेत गेलो, कारण तिथे त्यांचा सालदार ठिबकच्या नळ्या धूत होता. त्याने नळीच्या टोकाची गुंडी काढताच तांबडा, चिकट गाळ भळकन बाहेर आला. मी स्नेह्यांना विचारले, हे काय? ते सहजपणे म्हणाले, “लोखंड आहे पाण्यात, दरवर्षी ॲसिड सोडावे लागते, नाहीतर ड्रिपर बुजतात.” ज्या लोहाला ते बागेत नावानिशी ओळखत होते, त्याच लोहाने पन्नास पावलांवर तलावात त्यांना एवढे फिरवले होते. यात त्यांचा दोष मी मानत नाही. ठिबक बसवणारा माणूस आधी पाण्याचा अहवाल मागतो; तलाव बांधणारा मागत नाही. लाखो रुपयांच्या कामात काही शे रुपयांची तपासणी कोणाला सुचू नये, हे मला अजूनही पटत नाही.

त्या पाण्यात लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम लोह निघाले. आकडा क्षुल्लक वाटतो, पण ४५,००० लिटरमध्ये ते साडेबावीस ग्रॅम होते, आणि पसरायला तळ व भिंती मिळून सुमारे ६५ चौरस मीटर जागा असते. शिवाय हिशेब येथे थांबत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला एक सेंटिमीटर उतरते असे धरले, तर या तलावातून रोज ३२० लिटर पाणी उडते. उडते ते निव्वळ पाणी. लोह मागेच राहते. तूट भरण्यासाठी आपण पुन्हा बोअर सुरू करतो, आणि एप्रिल-मे मिळून जवळजवळ दहा ग्रॅम लोहाची नवी भर घालतो. रात्री तलावावर आच्छादन घालावे असे मी सांगतो तेव्हा लोकांना ते कचऱ्यासाठी वाटते. ते बाष्पीभवन रोखण्यासाठी आहे, आणि म्हणून डागांसाठीही आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटे उरली आहेत आणि पत्रिकेवरचा विषय अद्याप पुरता सुरू झालेला नाही, तेव्हा आता भरभर जातो.

प्रथम डाग लोहाचाच आहे याची खात्री करावी. औषधाच्या दुकानातली व्हिटॅमिन सीची गोळी डागावर अर्धा-एक मिनिट दाबून धरावी. डाग फिका पडला तर तो लोहाचा. झाडाच्या पानांचा डाग क्लोरीनने उडतो, गोळीने नाही. व्हिटॅमिन सी, म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल, फेरिक लोहाला परत फेरस करते आणि ते पुन्हा पाण्यात विरघळते. घरोघरी कपड्यांवरच्या गंजाला लिंबू-मीठ चोळतात, त्यातले सायट्रिक आम्ल लोहाला धरून ठेवते. तेही उपयोगी आहे, पण तलावासाठी ॲस्कॉर्बिक आम्लच सौम्य आणि सोयीचे पडते.

४५,००० लिटरला त्याची पावडर अर्धा किलोहून किंचित जास्त लागते. परंतु टाकण्याआधी क्लोरीन शून्यावर आणलाच पाहिजे, कारण एक भाग क्लोरीन अडीच भाग ॲस्कॉर्बिक आम्ल खातो. पाण्यात लिटरमागे पाच मिलिग्रॅम क्लोरीन असेल तर तुमचा सगळा अर्धा किलो डागाला स्पर्श न करताच संपतो. क्लोरीनची मात्रा बंद ठेवली की आपले ऊन उरलेला क्लोरीन उडवून देते. टीसीसीए नावाच्या क्लोरीनच्या गोळ्या वापरणाऱ्यांच्या पाण्यात स्थिरक, म्हणजे उन्हातही क्लोरीन टिकवून धरणारे द्रव्य, साठलेले असल्याने वेळ अधिक लागतो, तिथे क्लोरीन संपवणारे सोडियम थायोसल्फेट वापरावे. सामू ७.२ च्या आसपास ठेवावा, पंप चालू ठेवावा आणि पावडर डागांच्या कडेने पसरावी. डाग बहुधा काही तासांत उतरतात. या काळात तलावात कोणालाही उतरू देऊ नये, आणि उन्हाळ्यात क्लोरीनविना पाणी फार दिवस ठेवू नये, नाहीतर या वेळी शेवाळ खरोखरच येईल.

डाग गेले म्हणजे लोह गेले नव्हे. ते पाण्यात परतले आहे एवढेच. म्हणून त्याच दिवशी सीक्वेस्टरंट, म्हणजे लोहाला विरघळलेल्या अवस्थेत बांधून ठेवणारे फॉस्फोनेट जातीचे द्रव्य घालावे, एक दिवस थांबावे आणि मग क्लोरीन थोडा थोडा वाढवत न्यावा. उरलेले ॲस्कॉर्बिक आम्ल सुरुवातीचा क्लोरीन गिळते, तेव्हा मापक शून्य दाखवतो म्हणून घाबरून एकदम भरपूर टाकू नये. ब्लीचिंग पावडर सामू वाढवते, म्हणून या आठवड्यात ती वापरू नये. येथे घाई करणाऱ्याचे सगळे डाग संध्याकाळपर्यंत जागेवर आलेले मी पाहिले आहेत. हे बांधणारे द्रव्यही क्लोरीनने हळूहळू मोडते, त्यामुळे डब्यावरील सूचनेप्रमाणे त्याची मात्रा पुन्हा पुन्हा द्यावी लागते. हा खर्च कायमचा आहे, आणि म्हणूनच मी हौदाचा आग्रह धरतो.

हौद ५,००० लिटरचा पुरे. बोअरचे पाणी त्यात छिद्रांच्या पाइपातून पाऊस पडल्यासारखे सोडावे म्हणजे हवा मिळते. सामू कमी असेल तर सोडा ॲश घालून आठाजवळ न्यावा, थोडा क्लोरीन घालावा आणि रात्रभर निवळू द्यावे. लाल व्हायचे ते तिथे होते, बसायचे ते तिथे बसते. सकाळी तळापासून वीतभर वरून पाणी घ्यावे आणि वाळूच्या फिल्टरमधून तलावात सोडावे. लोह फारच असेल तर मँगनीज डायऑक्साइडचे माध्यम असलेला फिल्टर लावावा. तलाव भरायला नऊ खेपा होतील, नऊ दिवस लागतील. नातवंडांना तेवढे थांबवावे. तूट भरण्यासाठी छपरावरचे पावसाचे पाणी साठवता आले तर उत्तम, मात्र पत्रा गंजलेला नसावा.

समोरून हात वर झालेला दिसतो आहे, आणि प्रश्न मला ठाऊक आहे: सगळे केले, तरी एकच डाग त्याच जागी परत येतो, त्याचे काय? तो पाण्यातला लोह नसतो. तळाच्या काँक्रीटमधली सळई गंजून टाइलच्या सांध्यातून वर येत असते, आणि तिथे औषध नको, गवंडी बोलवावा. तेवढा भाग फोडून, सळई साफ करून, वर पुरेसे काँक्रीट देऊन तो पुन्हा बंद करावा लागतो.