कर्व्ह धरून कटर चालवताना

मघाशी मागच्या रांगेतून प्रश्न आला, की ट्रेसमध्ये, म्हणजे कॅम सॉफ्टवेअरमध्ये कटरला रेघेवरून चालवायच्या आज्ञेत, शिकायचं काय? रेघ निवडायची, ओके दाबायचं. सपाट पाटीवर नाव कोरायचं असेल तर खरंच तेवढंच आहे. गंमत उतारावर सुरू होते.

मोदकाचा साचा घ्या. गणपतीच्या आधी दादरला ढिगाने विकले जातात तेच, ॲल्युमिनियमचे. साच्यातली खाच म्हणजे मोदकावर उठलेली कळीची कड. खाच कमी-जास्त खोल झाली, की कळी एकीकडे जाड आणि दुसरीकडे पुसट दिसणार.

आपण काय करतो? सरफेसवर, म्हणजे साच्याच्या पृष्ठभागावर, कर्व्ह (रेघ) काढतो, २ मिमी व्यासाचा बॉलनोज, म्हणजे गोल टोकाचा कटर, घेतो आणि ॲक्सियल ऑफसेट (कटरच्या अक्षाच्या दिशेने सरकवणं) उणे ०.३ मिमी देतो. सॉफ्टवेअर इमानदार आहे. ते कटरचं खालचं टोक कर्व्हच्या बरोबर ०.३ खाली चालवतं. साच्याच्या पोटात, जिथे सपाटी आहे, तिथे खाच ०.३ येते. पण बाजूच्या भिंतीवर, ४५ अंशांच्या उतारावर, तीच खाच ०.५ होते, आणि ६० अंशांवर ०.६५! कारण बॉल टोकाने कापतच नाही, त्याची कूस भिंतीत घुसते. सिम्युलेशनमध्ये हे सहसा डोळ्यांत भरत नाही, कारण रंग सगळीकडे सारखाच दिसतो. सेक्शन (छेद) काढून मोजा.

उपाय असा. टोकाचा हिशोब सोडा, बॉलच्या केंद्राचा धरा. त्रिज्या १, हवी खोली ०.३, म्हणजे केंद्र सरफेसपासून ०.७ वर राहिलं पाहिजे. तेव्हा सरफेस ०.७ ने पोकळीच्या बाजूला ऑफसेट करा, मूळ कर्व्ह सरफेसच्या नॉर्मलच्या, म्हणजे काटकोनातल्या, दिशेने त्यावर घ्या, आणि केंद्र त्यावरून चालवा. पोस्ट, म्हणजे मशीनचा कोड लिहिणारा प्रोग्रॅम, टोकाचा झेड (उंची) मागत असेल तर सगळं १ मिमी खाली उतरवा, नाहीतर खाच पडणारच नाही.

दिशेचे बाण बघायला विसरू नका. अर्धे कर्व्ह चढणारे आणि अर्धे उतरणारे निवडले गेले तर फिनिश वेगळं दिसतं. उतरताना बॉलचं टोक पुढे घुसतं, आणि टोकाचा वेग शून्य. ते कापत नाही, घासतं. मी सगळे चढते ठेवतो.

टॉलरन्स, म्हणजे वळणाचे सरळ तुकडे करताना चालणारी चूक, ०.००१ मिमी टाकून छाती फुगवणारे बरेच भेटतात. २० मिमी त्रिज्येच्या वळणाला ०.०१ टॉलरन्सवर तुकडे साधारण १.२६ मिमीचे होतात, ०.००१ वर ०.४ मिमीचे. मिनिटाला १२०० मिमीच्या फीडला (कटरच्या चालीला) म्हणजे सेकंदाला ५० ब्लॉक, म्हणजे कोडच्या ५० ओळी. साकीनाक्याच्या गाळ्यातलं जुनं व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं मिलिंग मशीन) तिथे अडखळतं आणि प्रत्येक अडखळणीचा डाग जॉबवर उमटतो.

पाच ॲक्सिसवर, म्हणजे टूल कलवता येणाऱ्या मशीनवर, काय, असं विचारताय? तिथे टूल सरफेसला नॉर्मल धरता येतं, खोलीची भानगड उरत नाही. पण अगदी नॉर्मल धरलं तर पुन्हा टोकच घासणार. म्हणून थोडा लीड द्यायचा, म्हणजे टूल चालीच्या दिशेत कलवायचं, १०-१५ अंश, आणि होल्डर (टूल धरणारा भाग) भिंतीला लागत नाही ना ते बघायचं.