दुसऱ्यासाठी दाबलेली बेल

वृद्धाश्रमात रात्री बेल वाजली की सिस्टरना वाटतं, ज्या कॉटवरून वाजली तिथल्याच माणसाला काहीतरी हवंय. बरेचदा तसं नसतंच. शेजारच्या आजींना पक्षाघात झालेला, त्यांचा हात बेलपर्यंत पोचत नाही, म्हणून इकडच्या आजी आपली बेल दाबतात आणि सिस्टर आल्या की नुसती मान वळवतात, म्हणजे तिकडे बघा. चार्टवर मात्र एवढंच लिहिलं जातं की पेशंटने रात्री ३ वेळा बेल वाजवली, झोप नीट नाही.

आपल्या बाहेरच्यांच्या डोक्यात एक वाटणी पक्की असते. देणारे म्हणजे स्टाफ, डॉक्टर, देणगीदार, रविवारी येणारी मुलं-नातवंडं, आणि घेणारे म्हणजे इथे राहणारे. त्यामुळे वृद्धाश्रमात राहणाऱ्यांवरच्या आमच्या या फिल्ममध्ये स्टाफ तुम्हाला कमी दिसेल, मुद्दामच. कॅमेरा राहणाऱ्यांच्या हातांवर ठेवलाय.

हे हात बघा. या आजोबांना दिसत नाही. समोर बसलेत त्यांना ऐकू येत नाही, कानाचं मशीन आहे पण पार्किन्सन्समुळे हात एवढे थरथरतात की त्यातला सेल बदलता येत नाही. सेल शर्टाच्या बटणापेक्षा छोटा, त्यावर एक रंगीत स्टिकर असतं, ते काढलं की लगेच बसवायचा नाही, मिनिटभर तसाच ठेवायचा, कारण तो हवेतल्या ऑक्सिजनवर चालतो. तर ज्यांना दिसत नाही ते आजोबा नखाने स्टिकर सोलतात, सेल तळहातावर घेऊन थांबतात, मग बोटाने चाचपून सपाट बाजू कुठली ते बघतात आणि टक् करून झाकण लावतात. "येतंय का ऐकू?" "ओरडू नका हो, येतंय." मग दुसरे आजोबा पेपर उघडून मोठ्याने वाचायला लागतात, आधी निधनवार्ता, मग खेळाचं पान, आणि मधेच दोघांचं कशावरून तरी वाजतं पण ते रोजचंच आहे.

म्हणजे इथे सगळे प्रेमळ आणि समजूतदार आहेत असं काही नाही हां. टीव्हीच्या रिमोटवरून भांडणं होतात, जेवणाच्या टेबलावरच्या ठरलेल्या खुर्चीवरून तर अबोला धरतात महिना महिना. पण ज्यांच्याशी अबोला आहे त्यांचा चष्मा बाथरूममध्ये राहिला तर तो उचलून गुपचूप उशीजवळ ठेवतात. बोलत मात्र नाहीत.

देण्याची ही भूक माणसाला किती असते याच्यावर थोडाफार अभ्यास झालाय. १९७६ साली एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला, अमेरिकेतल्या कनेटिकटमधल्या एका वृद्धाश्रमात केलेला. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं की तुमचे निर्णय तुम्ही घ्या, आणि हे एक रोप घ्या, याची काळजी तुमच्याकडे. दुसऱ्या मजल्यावरही रोपं दिली पण सांगितलं की पाणी नर्स घालतील, तुम्ही आराम करा. थोड्याच आठवड्यांत पहिल्या मजल्यावरचे लोक जास्त तरतरीत, जास्त बोलके झालेले दिसले. दीड वर्षाने बघितलं तर तिथले १५ टक्के लोक गेले होते, दुसऱ्या मजल्यावरचे ३० टक्के. आता खरं सांगायचं तर गट लहान होते, शिवाय पुढे आकडेमोडीत चूक सापडली आणि मृत्यूबद्दलचा दावा बराच सौम्य करावा लागला, त्यामुळे कुंडी ठेवा आणि आयुष्य वाढवा असं कुणी विकत असेल तर ऐकू नका. नंतर २००३ मध्ये ४२३ वयस्कर जोडप्यांचा ५ वर्षांचा अभ्यास आला, त्यात मृत्यूचा धोका कमी दिसला तो दुसऱ्याला मदत करणाऱ्यांमध्ये. नुसती मदत मिळणाऱ्यांमध्ये तसा फरक दिसला नाही.

आणि आपण काय करतो, तर "आजी तुम्ही बसा, आम्ही आहोत ना." हे वाक्य प्रेमानेच म्हटलेलं असतं, पण दिवसात दहा वेळा ऐकलं की माणूस खरंच बसतो.

यात स्टाफची बाजू पण आहे. कितीतरी ठिकाणी एका आजोबांनी दुसऱ्यांची व्हीलचेअर ढकलायला परवानगी नसते, कारण दोघंही पडू शकतात आणि या वयात खुब्याचं हाड मोडलं तर माणूस परत उभा राहीलच असं नाही. पक्षाघातानंतर किंवा डिमेन्शियात, म्हणजे आठवण आणि समज हळूहळू जाते त्या आजारात, गिळायला त्रास होतो, अशांना पाणीसुद्धा घट्ट करून द्यावं लागतं, तिथे शेजारच्या आजींनी मायेने साधा ग्लास पुढे केला तर तो ठसका जिवावर बेतू शकतो. म्हणून चांगल्या जागी सिस्टर नुसतं "नको" म्हणत नाहीत, काय चालेल ते सांगतात. घास नका भरवू, पण त्या जेवतात तेवढा वेळ शेजारी बसा, त्या एकट्या असल्या की ताट तसंच ठेवतात.

श्रद्धेचं पण इथे असंच काहीतरी आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दुसऱ्यासाठी करता येईल असं काय उरतं? प्रार्थना. कोपऱ्यातल्या आजी रोज पहाटे नावं घेतात, याचा रिपोर्ट येणारे, तिच्या नातवाची परीक्षा आहे, रात्रपाळीच्या सिस्टरचं मूल आजारी आहे. देव कुठला हा प्रश्न त्या यादीत येत नाही, आणि नाव घालायला लोक स्वतःहून येतात, देव न मानणारेसुद्धा. असे एक आजोबा आहेत, ठार नास्तिक, ते शेजाऱ्यांना पोथी वाचून दाखवतात कारण शेजाऱ्यांचे डोळे गेलेत. "माझा विश्वास नाही, पण त्यांचा आहे ना," एवढंच म्हणतात आणि पुढचं पान उलटतात.

डिमेन्शियात मुलीचं नाव विसरलेली बाई लहानपणची प्रार्थना अख्खी म्हणते, एक शब्द चुकत नाही. चमत्कार नाहीये हा. लहानपणी शिकलेलं, हजारो वेळा घोकलेलं, चालीत बसलेलं असं जे असतं ते बरेचदा सगळ्यात शेवटपर्यंत टिकतं. संध्याकाळी अशा लोकांची घालमेल वाढते, घरी जायचंय म्हणून दाराशी येऊन उभे राहतात. तेव्हा इथल्याच दुसऱ्या एक आजी त्यांचा हात धरून पहिली ओळ सुरू करून देतात. पुढचं आपोआप येतं, आणि निदान तेवढा वेळ पावलं थांबतात.

१८३९ च्या हिवाळ्यात फ्रान्समध्ये जान ज्युगां नावाच्या बाईने एका आंधळ्या, लकवा झालेल्या म्हातारीला घरी आणलं, स्वतःची कॉट दिली आणि आपण माळ्यावर झोपल्या. त्यातून निराधार वृद्धांसाठी एक अख्खा धर्मसंघ उभा राहिला, देशोदेशी त्याची घरं झाली. पण स्वतः त्यांना बाजूला सारलं गेलं, शेवटची २७ वर्षं अशी काढली की बऱ्याच नव्या साध्वींना माहीतसुद्धा नव्हतं की संस्था सुरू करणारी हीच बाई. संतपद २००९ मध्ये मिळालं, मृत्यूनंतर १३० वर्षांनी. चार्टवर नोंद नसण्याची परंपरा तशी जुनीच म्हणायची.

कुणी गेलं की बऱ्याच ठिकाणी मागच्या दाराने नेतात, बाकीच्यांना त्रास नको म्हणून. बाकीच्यांना कळतंच. सकाळी खुर्ची रिकामी दिसते आणि विचारायची चोरी, हा त्रास जास्त आहे. काही ठिकाणी आता पुढच्या दाराने नेतात, कॉरिडॉरमध्ये दोन्ही बाजूला लोक उभे राहतात, वॉकर धरून, व्हीलचेअरवर, ज्याला जमेल तसे. कुणी हात जोडतं, कुणी नुसतं बघतं.

तुमच्या घरचं कुणी अशा ठिकाणी असेल तर पुढच्या वेळी फळं न्या हवी तर, पण सोबत एखादं काम पण न्या. जुन्या फोटोंचा गठ्ठा, ज्यातली अर्धी माणसं तुम्हाला ओळखू येत नाहीत. गुंता झालेली लोकर. आणि त्यांची श्रद्धा असेल तर स्पष्ट सांगा, परवा माझा इंटरव्ह्यू आहे, तेवढं माझं नाव घ्या.