सावित्रीकाठचे डॉक्टर

ऑक्टोबर संपत आलाय. महाडच्या शिवारात भात कापून पडलंय. भारा उचलायला एक बाई वाकते, खाली हात घालते आणि कळवळून खालीच बसते. भाऱ्याखाली विंचू होता. लाल.

काळा विंचू आकाराने मोठा. तो चावला तर माणूस रात्रभर तळमळतो, पण सहसा वाचतो. लाल विंचू बोटाएवढा, आणि त्याचं विष थेट काळजाला भिडतं. तासा-दोन तासांत दरदरून घाम फुटतो, कपडे चिंब होतात. हातपाय बर्फासारखे गार. मग खोकला लागतो, श्वास पुरेनासा होतो आणि तोंडातून गुलाबी फेस येतो. फुप्फुसात पाणी भरलेलं असतं.

१९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले, तेव्हा असे रुग्ण त्यांच्यासमोर येऊ लागले. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचा हा शेतकऱ्याचा मुलगा, नागपुरात एमबीबीएस झालेला. कोकणाशी नातं नोकरीपुरतंच. विष अंगात भिनलेल्या शंभर रुग्णांतले चाळीसेक तेव्हा दगावायचे. पुस्तकांत नेमका उपचार नव्हता. गावोगाव विंचू उतरवणारे होते, लोक आधी त्यांच्याकडे जात. त्यांना दोष कसा द्यायचा? दवाखान्यात तरी कुठे औषध होतं?

डॉक्टर रुग्णाच्या खाटेशी बसून राहिले. आम्हाला या गोष्टीत सगळ्यात मोठं वाटतं ते हे बसून राहणं. नाडी किती, रक्तदाब किती, घाम कधी सुटला, पाय कधी गार पडले, हे सगळं ते टिपून ठेवत गेले. रात्रंदिवस, एकामागून एक रुग्ण. त्या टिपणांतून दिसलं की फुप्फुसात पाणी भरण्याआधी शरीर इशारे देतं. ही निरीक्षणं १९८२ मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट' या नामांकित साप्ताहिकात छापून आली.

पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधून ते एमडी झाले. शहरात दवाखाना थाटता आला असता. ते परत याच भागात, सह्याद्रीच्या पायथ्याशी आले.

विष नक्की करतं काय? त्याच्यामुळे शरीरात अॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब भडकतो आणि त्या आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं. म्हणजे आवळलेल्या वाहिन्या सैल करायला हव्यात. तसं औषध बाजारात आधीपासून होतं: प्राझोसिन, रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी. डॉक्टरांनी ती विंचूदंशासाठी वापरली. १९८६ मध्ये पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासोबत त्यांनी त्याचे अनुभव पुन्हा 'लॅन्सेट'मध्ये मांडले. शंभरातले चाळीस मृत्यू एकाच्या आसपास आले.

पुढे विंचवाच्या विषावरचं प्रतिविषही आलं. नुसती गोळी आणि गोळीसोबत प्रतिविष, यांची तुलना या दांपत्याने महाडमध्येच केली. दोन्ही एकत्र दिल्यावर रुग्ण लवकर सावरतो, हे २०११ साली जगापुढे आलं. २०२२ मध्ये डॉक्टरांना पद्मश्री मिळाली.

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीत उतरते. तिच्या दोन्ही काठांवर आजही भात कापलं जातं, भारे उचलले जातात. विंचू आहेतच.

दवाखान्यात त्या बाईला गोळी दिलीय. रक्तदाब एकदम उतरू नये म्हणून तिला उठू देत नाहीत, पडून राहा म्हणतात. तीन तासांनी पुन्हा गोळी. मोठं यंत्र कुठलं नाही. सिस्टर मधूनमधून चादर बाजूला करून तिच्या तळपायाला हात लावून बघते. गार. अजून गार. पहाटेकडे ती पुन्हा हात लावते, आणि या वेळी हात थोडा वेळ तसाच ठेवते. पाय ऊबदार लागतोय.