सिस्टर्समधला क्विल्टचा शनिवार

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात, कॅस्केड पर्वतरांगेच्या पूर्वेला, सिस्टर्स नावाचे जेमतेम तीन हजार वस्तीचे गाव आहे. माथ्यावर बर्फ घेऊन उभी असलेली जवळची तीन शिखरे 'थ्री सिस्टर्स' म्हणून ओळखली जातात आणि गावाचे नावही त्यांच्यावरूनच पडले आहे. एरवी निवांत असणारे हे गाव जुलैच्या दुसऱ्या शनिवारी पहाटेच जागे होते, कारण त्या दिवशी येथे क्विल्टचे, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून शिवलेल्या गोधडीसारख्या पांघरुणांचे, उघड्यावरचे प्रदर्शन असते, आणि उजाडता उजाडता दुकानांच्या लाकडी दर्शनी भिंतींवर, सज्ज्यांवर आणि कठड्यांवर शेकडो क्विल्ट टांगून व्हायला हवे असतात. उंचावरच्या क्विल्टसाठी शिड्या लावायला अग्निशमन दलाचे जवानही मदतीला येतात.

या सगळ्याची सुरुवात एका दुकानापासून झाली. गृहविज्ञान शिकवणाऱ्या जीन वेल्स यांनी 1975 मध्ये येथे 'स्टिचिन पोस्ट' हे कापडाचे दुकान थाटले आणि त्याच वर्षी दुकानाबाहेर डझनभर क्विल्ट टांगून ठेवले. त्या डझनाचे पुढे शेकडो झाले, काही वर्षी तर संख्या हजाराच्याही पुढे गेली. 2020 मध्ये महामारीमुळे प्रदर्शन ऑनलाइनच भरवावे लागले, आणि 2025 मध्ये त्याने पन्नाशी गाठली.

बंदिस्त दालनातल्या प्रदर्शनात क्विल्ट पडद्याला लावलेला असतो, त्यामुळे त्याची फक्त दर्शनी बाजू दिसते. येथे मात्र वारा असतो. मोठी झुळूक आली की आख्खी भिंत फुगते, एखाद्या क्विल्टचा कोपरा उचलला जातो आणि क्षणभर त्याचे अस्तर दिसते. जाणकार प्रेक्षक या क्षणाची वाट पाहत उभे असतात, कारण वरचा थर, मधला कापूस आणि अस्तर या तिघांना एकत्र धरणारी टाक्यांची ओळ पाठीमागे लपत नाही. हात कुठे स्थिर होता आणि कुठे घाई झाली, हे तेथे स्वच्छ वाचता येते.

आता हा एक क्विल्ट जवळून पाहू. या रचनेला 'लॉग केबिन', म्हणजे ओंडक्यांचे घर, म्हणतात. मधोमध चुलीची आठवण म्हणून लाल चौकोन ठेवतात आणि त्याच्याभोवती ओंडक्यावर ओंडका रचावा तशा अरुंद पट्ट्या एकामागून एक जोडत नेतात. चौकोनाच्या दोन बाजूंना उजळ कापड, उरलेल्या दोन बाजूंना गडद. असे अनेक ठोकळे शेजारी शेजारी लावले, की नुसते फिरवून त्यांच्यातून शंकरपाळे निघतात, सरळ पट्टे निघतात किंवा नागमोडी रेघा निघतात. कापड तेच, शिवणही तीच, फक्त ठोकळ्याची दिशा बदललेली.

बाहेर हे पाहिलेली माणसे मग दुकानात शिरतात आणि गर्दीचे खरे रूप तेथे दिसते. भिंतीभर उभे तागे, कापड मापून कापायच्या मेजापाशी लांब रांग, आणि टोपल्यांमधून घडी घालून ठेवलेले 'फॅट क्वार्टर'. वारभर कापडाचा चौथा हिस्सा सरळ कापला तर 9 इंचांची अरुंद पट्टी हाती येते. त्याऐवजी अर्धा वार घेऊन तो पन्ह्याच्या मधोमध कापला, तर तेवढ्याच कापडाचा साधारण 18 बाय 22 इंचांचा ऐसपैस तुकडा मिळतो. मराठीत याला 'लठ्ठ पाव वार' म्हणायला हरकत नाही. नवे कोरे कापड विकत घ्यायचे आणि त्याचे तुकडे करून पुन्हा जोडायचे, हा व्यवहार मात्र जुन्या लुगड्यांना धावदोरा घालून गोधडी शिवणाऱ्या आपल्या आज्यांना मुळीच पटला नसता.

येथे येणारी बरीच माणसे मनाशी काहीतरी ठरवून आलेली असतात. निळ्यावर पांढरे हवे, एवढेच त्यांना ठाऊक असते आणि त्याचे तागे त्यांनी कवेत घेतलेलेही असतात. रांगेत पुढे उभ्या असलेल्या बाई आपला ढीग मेजावर ठेवतात. त्यात हळदीपिवळ्याला लागून राखाडी असतो आणि त्या दोघांच्या खालून मोरपंखी रंगाची बोटभर कड डोकावत असते. हे तिन्ही रंग कोणी जुळवलेले नसतात, ताग्यांची चळत तशी घसरलेली असते एवढेच. मागे उभ्या असलेल्या बाई त्या कडेकडे थोडा वेळ पाहतात, आपला निळा तागा शेजारच्या फळीवर टेकवतात आणि रांग सोडून पुन्हा भिंतीकडे वळतात.

दुपार कलली की बाहेर शिड्या परत लागतात. क्विल्ट उतरवून, दोघींनी चार कोपरे धरून घड्या घातल्या जातात, नावांच्या चिठ्ठ्या तपासल्या जातात आणि भिंती पुन्हा लाकडाच्या होतात. आत मेजावर कापड अजून मापले जात आहे; रांगेच्या शेवटी मघाच्या बाई उभ्या आहेत, आणि त्यांच्या हातात आता मोरपंखी तागा आहे.