घामातले मीठ काय सांगते? सिस्टिक फायब्रोसिसची स्वेट टेस्ट

नमस्कार. बाळाचा पापा घेतला की ओठांना खारट लागते, असे एखादी आई सांगते तेव्हा ते हसण्यावारी नेऊ नये. वारंवार होणारा न्यूमोनिया, भरपूर खाऊनही न वाढणारे वजन आणि तेलकट, उग्र वासाची शी यांच्या जोडीला ही चव असेल, तर डॉक्टर सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराची शंका घेतात आणि घामाची चाचणी, म्हणजेच स्वेट टेस्ट करायला सांगतात.

फुप्फुसांच्या तक्रारीसाठी घाम कशाला तपासायचा, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. घामग्रंथीच्या तळाशी तयार होणारा घाम मुळात रक्तद्रवाइतकाच खारट असतो; त्वचेकडे येताना वाटेतल्या बारीक नळीत त्यातले बरेचसे मीठ शरीर परत शोषून घेते. त्यासाठी लागणारे सीएफटीआर हे प्रथिन या आजारात नीट काम करत नाही, त्यामुळे मीठ घामातच राहते, आणि त्याच दोषामुळे फुप्फुसांतला व स्वादुपिंडातला स्राव चिकट होतो. न्यूयॉर्कमध्ये उन्हाच्या लाटेत कोसळलेल्या मुलांत हा आजार असलेली मुले बरीच दिसली होती. तो धागा पकडून बालरोगतज्ज्ञ पॉल दी सांताग्नीज यांनी १९५३ साली घामातल्या या मिठाची नोंद केली.

चाचणीत सुई टोचली जात नाही. हातावर पायलोकार्पिन हे औषध ठेवून सुमारे पाच मिनिटे अगदी सौम्य वीजप्रवाह देतात. थोडी झिणझिणी येते, त्वचेवर लालसर वर्तुळ उमटते. मग तिथे घड्याळासारखी एक चकती बांधतात. तिच्यातल्या केसासारख्या बारीक नळीत घाम चढू लागला की तो निळा दिसतो, आणि अर्ध्या तासात ही निळी रेघ हळूहळू पुढे सरकताना आपल्याला पाहता येते. तान्ह्या बाळांना कधी पुरेसा घाम येत नाही. अशा वेळी चाचणीसाठी पुन्हा बोलावले, तर कृपया घाबरू नका; अपुऱ्या घामावर काढलेल्या आकड्यापेक्षा दुसरी फेरी केव्हाही बरी.

अहवालात क्लोराइडचा, म्हणजे मिठातल्या एका घटकाचा, आकडा पाहावा. लिटरमागे ३० मिलिमोलपेक्षा कमी असल्यास आजाराची शक्यता फारच कमी असते, ६० किंवा अधिक असल्यास आजार असण्याची दाट शक्यता असते, आणि ३० ते ५९ हा मधला पट्टा संशयाचा मानतात. या मधल्या पट्ट्यातच पालकांची झोप उडते. पण तिथे निष्कर्षाची घाई न करता चाचणी पुन्हा करणे आणि जनुकीय तपासणी करणे हाच मार्ग आहे. तीव्र कुपोषणासारख्या काही कारणांनीही आकडा वाढू शकतो, म्हणून तो बाळाच्या लक्षणांसह बालरोगतज्ज्ञांनीच वाचायला हवा.

निदान होईपर्यंत उन्हाळ्यात एक काळजी मात्र अवश्य घ्यावी: बाळ मलूल पडले, उलट्या होऊ लागल्या किंवा लघवी कमी झाली, तर शरीरातले मीठ धोकादायक पातळीपर्यंत उतरलेले असू शकते, तेव्हा सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे.