एक चेहरा, आठ माणसे: अ‍ॅलेक गिनेस यांचे विनोदी चित्रपट

पश्चिम लंडनमध्ये ईलिंग ग्रीनच्या कडेला उभी असलेली ही पांढरी इमारत पाहून, हा चित्रपटांचा स्टुडिओ असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. दुसरे महायुद्ध संपले होते, रेशनिंग मात्र संपले नव्हते. त्या टंचाईच्या वर्षांत निर्माते मायकेल बाल्कन यांच्या देखरेखीखाली येथूनच ब्रिटिश विनोदी चित्रपटांची एक मालिका बाहेर पडली. तिच्यातील चार उत्तम चित्रपटांत एकच नट पुन्हा पुन्हा भेटतो आणि दर वेळी तो ओळखू येईलच याची खात्री नसते. हे अ‍ॅलेक गिनेस. 1977 नंतर जगाने त्यांना ‘स्टार वॉर्स’मधील वृद्ध योद्धा म्हणून डोक्यावर घेतले, पण त्यांच्या अभिनयाचा कस लागला तो येथे, विनोदात.

1949 सालचा ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’. ड्यूकची गादी मिळवण्यासाठी एक तरुण आपल्या वाटेतील नातलगांना एकेक करून संपवतो, अशी ही गोष्ट. डॅस्कॉइन घराण्यातील या नातलगांपैकी चार भूमिका गिनेस यांना देऊ केल्या होत्या. चारच का, आठ का नाहीत, असे त्यांनीच उलट विचारले.

आता चर्चमधील हे दृश्य नीट पाहा. ड्यूक, जनरल, अ‍ॅडमिरल, बँकर, पाद्री, काळ्या पोशाखातील लेडी अगाथा. एकाच चौकटीत सहा डॅस्कॉइन आहेत आणि सहाही गिनेस आहेत. संगणकाचे साहाय्य मिळण्याचा तो काळ नव्हता. कॅमेरामन डग्लस स्लोकम यांनी कॅमेरा जागचा हलणार नाही असा पक्का बसवला, भिंगासमोर झाकणी लावून चौकटीचे भाग पाडले आणि एका वेळी एकच भाग उघडा ठेवला. त्या भागात गिनेस येऊन बसत आणि चित्रीकरण होई. मग फिल्म मागे गुंडाळली जाई, गिनेस रंगभूषेच्या खोलीत जाऊन पुढचे पात्र होऊन येत आणि तीच फिल्म पुन्हा फिरवली जाई. कॅमेऱ्याला कोणाचा धक्का लागला असता, तर आधीचे सारे काम वाया गेले असते. हे एवढे दृश्य काही दिवस चालले होते आणि त्या रात्री स्लोकम स्टुडिओतच, कॅमेऱ्याजवळ झोपले. मात्र झाकणीमुळे फक्त सहा आकृत्या मिळतात, सहा माणसे मिळत नाहीत. ड्यूकचा तोरा आणि लेडी अगाथाचा ताठा यांत गल्लत होत नाही, ही करामत कॅमेऱ्याची नाही. बहुरूप्याचे कौतुक आपण वेशासाठी करतो. गिनेस यांच्याकडे पाहताना वेशापेक्षा मानेकडे आणि डोळ्यांकडे पाहावे लागते.

1951 सालच्या ‘द लॅव्हेंडर हिल मॉब’मध्ये ते बँकेच्या सोन्याची वर्षानुवर्षे इमानेइतबारे ने-आण करणारे कारकून आहेत. ‘र’ नीट न उच्चारता येणारा हा मवाळ गृहस्थ एके दिवशी तेच सोने लांबवतो आणि आयफेल टॉवरच्या छोट्या प्रतिकृतींच्या रूपात ते पॅरिसला पाठवतो. तेथे त्यांतल्या काही प्रतिकृती चुकून शाळकरी मुलींना विकल्या जातात आणि त्या मुलींना गाठण्यासाठी गिनेस आणि स्टॅन्ली हॉलोवे खऱ्या आयफेल टॉवरचा गोल जिना धावत उतरू लागतात. उतरता उतरता दोघांना भोवळ येते आणि हसू आवरेनासे होते; घाबरलेली, घामाघूम झालेली दोन प्रौढ माणसे लहान मुलांसारखी खिदळत खाली येतात. या भूमिकेसाठी गिनेस यांना ऑस्करचे नामांकन मिळाले.

त्याच वर्षी ‘द मॅन इन द व्हाइट सूट’मध्ये त्यांनी न मळणारे, न झिजणारे कापड शोधणारा संशोधक साकारला, ज्याच्या मागे गिरणीमालक आणि कामगार दोघेही लागतात.

1955 सालच्या ‘द लेडीकिलर्स’मध्ये प्रोफेसर मार्कसची आधी सावली दिसते. पुढे आलेले नकली दात, लांबलचक मफलर आणि भाड्याने खोली मागताना ओठांवर पसरणारे ते अतिनम्र हसू. पीटर सेलर्स आणि हर्बर्ट लोम यांच्यासारखे नट या टोळीत आहेत, पण किंग्ज क्रॉसजवळच्या त्या कललेल्या घरात सर्वांना पुरून उरते ती केटी जॉन्सन यांची म्हातारी. गिनेस तिच्यासमोर आवाज चढवत नाहीत. नम्रपणाच वाढवत नेतात आणि तो जितका वाढतो तितके हसू आणि भीती दोन्ही वाढतात.

त्याच वर्षी ईलिंगचा स्टुडिओ बीबीसीला विकला गेला. गिनेस यांना पुढे ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’साठी ऑस्कर आणि 1959 मध्ये सर हा किताब मिळाला, 1984 च्या ‘अ पॅसेज टु इंडिया’मध्ये तर ते प्राध्यापक गोडबोले झाले, पण संकलनात त्या भूमिकेला बरीच कात्री लागली. 2000 साली त्यांचे निधन झाले. आपल्याकडील ज्या प्रेक्षकांना ते गोडबोले म्हणूनच आठवतात, त्यांनी हे चार चित्रपट मागे जाऊन पाहावेत आणि सुरुवात आठ डॅस्कॉइनांपासून करावी.