उंबरठ्यावरचे दोन तास

नाशिक जिल्ह्यात गरोदर बाईची ओटी भरताना कुळदैवताचे नाव घेतले जाते, सप्तशृंगीला नवस बोलला जातो आणि बाळ जन्मल्यावर पाचव्या रात्री सटवाईची पूजा मांडली जाते. या श्रद्धेबद्दल आमची काहीच तक्रार नाही. ही चित्रफीत घरातल्या एका निर्णयाविषयी आहे. कळा सुरू झालेल्या बाईला गाडीत बसवायचे सोडून ‘देव पाहून घेईल, दवाखाना नको’ असे घरातले मोठे माणूस म्हणते, आणि जिच्या जिवाचा प्रश्न असतो तिला कोणी विचारतही नाही, त्या निर्णयाविषयी.

बाळ जन्मल्यावर वार पडते आणि गर्भाशय आकसून घट्ट होते. वार जिथे चिकटलेली होती तिथल्या उघड्या रक्तवाहिन्या या आकसण्यानेच आवळल्या जातात. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त वाहत असते. त्यामुळे गर्भाशय सैल राहिले किंवा वारेचा तुकडा आत अडकला, तर रक्तस्राव किती वेगाने होत असेल याची कल्पना करता येते. घरात हे रक्त गोधडीत आणि जुन्या साड्यांत मुरते, म्हणून ते डोळ्यांना आहे त्यापेक्षा कमी दिसते. बाई निपचित पडली की ‘थकली आहे, झोपू द्या’ असे म्हटले जाते. कपाळाला अंगारा लावून उशाशी जप करणाऱ्या माणसांचे तिच्यावर प्रेम नसते असे मुळीच नाही. परंतु असा तीव्र रक्तस्राव सुरू झाल्यावर उपचार मिळाले नाहीत, तर मृत्यू साधारण दोन तासांत येऊ शकतो. रुग्णालयात बाळ जन्मताच आईला ऑक्सिटोसिनचे 10 युनिटचे इंजेक्शन देतात, ते गर्भाशय आकसावे यासाठीच. ज्यांना असा रक्तस्राव होतो त्यांतील अनेक जणींमध्ये आधी धोक्याचे एकही लक्षण नसते, म्हणून ‘हिची तब्येत चांगली आहे, हिला काही होणार नाही’ या बोलण्याला आधार नसतो.

दुसरा धोका श्रद्धेच्या घरात हमखास चुकीचा ओळखला जातो. रक्तदाब 140/90 च्या वर गेलेला असतो, चेहरा सुजतो, डोके दुखते, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि मग झटके सुरू होतात. पाहणाऱ्यांना ती बाहेरची बाधा वाटते आणि भगताला बोलावणे जाते. हे झटके थांबवण्यासाठी आणि पुन्हा येऊ नयेत यासाठी मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन लागते, आणि त्याआधी रक्तदाब मोजणारे कोणीतरी लागते.

बाळाचेही तसेच. दर 10 बाळांपैकी साधारण एकाला पहिला श्वास घेण्यासाठी काहीतरी मदत लागते, आणि ती पहिल्या मिनिटातच मिळावी लागते.

अमेरिकेतील इंडियाना राज्यात वैद्यकीय उपचार नाकारणारा एक धार्मिक पंथ होता. 1975 ते 1982 या काळात त्या पंथातील 344 जन्मांमागे 3 माता दगावल्या. हे प्रमाण लाखाला 872 इतके भरते. त्याच राज्यातील इतर स्त्रियांमध्ये ते लाखाला सुमारे 9 होते. राज्य तेच आणि रुग्णालयेही तीच. फरक नकाराचा होता. आपल्याकडे एप्रिल 2025 मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात एक स्त्री घरीच झालेल्या पाचव्या बाळंतपणात दगावली, आणि पतीला अटक झाली.

‘आमच्या आजीची दहाही बाळंतपणे घरीच झाली’ हे वाक्य आम्हांला वारंवार ऐकवले जाते. ते खरेही असेल. पण हे सांगायला ती आजी जगली. जी अडून गेली तिची नातवंडे आज ही गोष्ट सांगायला नाहीत.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील दूरच्या पाड्यांवर पावसाळ्यात गाडी पोहोचत नाही आणि बाई वाटेतच किंवा घरातच बाळंत होते. या बाईने काहीही नाकारलेले नसते. तिच्यापर्यंत रस्ता न नेणाऱ्यांना जाब विचारला पाहिजे. सुरगाण्याहून नाशिक 80-90 किलोमीटर आहे. दोन तासांच्या हिशेबात हे अंतरच इतके मोठे असताना, घरात ‘थोडे थांबू’ म्हणण्यात गेलेला अर्धा तास परवडत नाही. नाशिक शहरात, रुग्णालय हाकेच्या अंतरावर असूनही गुरूंच्या सांगण्यावरून दार लावून घेणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे, आणि तिची जबाबदारी सांगणाऱ्यावरही येते.

दवाखान्याची भीती खोटी नाही. प्रसूतिकक्षात ओरडून बोलले जाते, सिझरची धास्ती असते, खर्चाची काळजी असते. खर्चापुरते सांगायचे, तर 2011 पासून सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझर, औषधे, रक्त आणि ने-आण गरोदर बाईसाठी मोफत आहे, आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका येते. ओरडण्याचे उत्तर मात्र रुग्णालयांनीच द्यायचे आहे, कारण अपमान झालेली बाई पुढच्या खेपेला घरीच थांबते आणि तिला थांबवून ठेवणाऱ्याच्या हाती कारण मिळते.

आदिवासी भागातील काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत माहेरघराची सोय आहे. दिवस भरत आले की बाई काही दिवस आधीच तिथे येऊन राहते आणि सोबत घरचे माणूस असते. पिशवीत बाळाची दुपटी असतात, तपासणीचे कार्ड असते आणि पुडीत बांधलेले देवीचे कुंकूही असते. ते बाहेर ठेवा असे तिला कोणी सांगत नाही.